वॉरस्पाइट : एका रणनौकेची जीवनकथा

ब्रिटन हा चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला देश आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील जमिनीत पिकणारे धान्य तेथील प्रजेला वर्षभर पुरत नसे. गहू, मांस, साखर, कापूस, रबर, खनिज तेल अशा कितीतरी वस्तू दूरदूरच्या देशांतून जहाजांनी आणाव्या लागत. समुद्र हाच त्या देशाचा हमरस्ता होता. हा रस्ता शत्रूने अडविला, तर एकही सैनिक किनाऱ्यावर न उतरविता त्याला सारा देश उपाशी पाडता आला असता. म्हणूनच त्या राष्ट्राने आपले द्रव्य आणि बुद्धी यांचा मोठा वाटा आरमारावर खर्च केला. या आरमारात क्रूझर होत्या, चपळ विनाशिका होत्या, पाणबुड्या होत्या. परंतु या साऱ्यांच्या पाठीशी जिचा आधार असे, ती म्हणजे रणनौका. पाण्यावर तरंगणारा पोलादी किल्लाच तो! दोन महायुद्धे पाहिलेल्या अशाच एका रणनौकेची ही कथा आहे. तिचे नाव 'वॉरस्पाइट'.

हे नाव ब्रिटिश आरमारात नवे नव्हते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी, इ. स. १५९६ मध्ये, या नावाचे शिडाचे लढाऊ जहाज समुद्रात उतरले होते. त्यानंतर निरनिराळ्या काळी अनेक जहाजांनी हे नाव धारण केले. ज्या वॉरस्पाइटविषयी येथे सांगावयाचे आहे, तिच्या बांधणीस इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथील गोदीत १९१२ च्या ऑक्टोबरात आरंभ झाला. १९१३ च्या नोव्हेंबरात ती पाण्यात उतरली आणि १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, आरमारात दाखल झाली. 'क्वीन एलिझाबेथ', 'व्हॅलियंट', 'बारहॅम' आणि 'मलाया' या तिच्या चार भगिनी होत्या.

या पाच नौका त्या काळी अपूर्व समजल्या जात. प्रत्येकीवर पंधरा इंच व्यासाच्या तोंडाच्या आठ तोफा होत्या. दोन दोन तोफा एकेका पोलादी बुरुजात बसविलेल्या असत आणि हा संपूर्ण बुरूज यंत्राच्या साहाय्याने डावीउजवीकडे फिरविता येत असे. तोफेचा एकेक गोळा सुमारे ८७० किलो वजनाचा असे. माणसांनी हातांनी उचलावा असा तो नव्हेच. जहाजाच्या तळाशी असलेल्या कोठारातून तो यंत्राने वर आणावा लागे. शत्रूच्या तोफांपासून बचाव व्हावा म्हणून जहाजाच्या कुशीला तेरा इंच जाडीचे पोलादी चिलखत चढविलेले होते.

या नौकांचे आणखी एक वैशिष्ट्य होते. तोपर्यंतच्या मोठ्या रणनौका मुख्यतः कोळशावर चालत. खलाशांना बॉयलरच्या धगीत उभे राहून फावड्यांनी कोळसा लोटावा लागे. या नौकांत मात्र केवळ तेल जाळण्याची योजना केली होती. तेलामुळे वेग वाढला, धूर कमी झाला आणि मनुष्यबळही वाचले. परंतु या सोयीची किंमत द्यावी लागली. ब्रिटनच्या भूमीत कोळसा मुबलक होता, तेल मात्र परदेशातून आणावे लागे. म्हणजे समुद्रमार्गांचे रक्षण करणारी नौका स्वतःच समुद्रमार्गांवर अवलंबून राहिली!

१९१६ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस डेन्मार्कच्या पश्चिमेस उत्तर समुद्रात ब्रिटन आणि जर्मनी यांच्या आरमारांची गाठ पडली. दोन्ही बाजू मिळून सुमारे अडीचशे जहाजे या संग्रामात उतरली होती. जटलंडची लढाई ती हीच. वॉरस्पाइट आपल्या तीन भगिनींसह या लढाईत होती. संध्याकाळी ऐन रणधुमाळीत तिचे सुकाणू अडकून बसले. काही केल्या ते हलेना. नौका रांग सोडून शत्रूच्या तोंडासमोर मोठमोठी वर्तुळे घेऊ लागली. जर्मन तोफांना याहून चांगले लक्ष्य कोणते मिळणार? त्यांनी तिच्यावर गोळ्यांचा वर्षाव सुरू केला.

त्याच वेळी जवळच 'वॉरियर' नावाची ब्रिटिश क्रूझर जखमी होऊन पडली होती. तोवर जर्मन तोफा तिचा समाचार घेत होत्या. वॉरस्पाइट मध्ये येताच त्या तोफा तिच्याकडे वळल्या आणि वॉरियरला निसटण्यास अवसर मिळाला. आपला जीव वाचावा म्हणूनच वॉरस्पाइट मुद्दाम पुढे आली, अशी वॉरियरवरील खलाशांची समजूत झाली. वास्तविक तो बिघडलेल्या सुकाणूचा खेळ होता! वॉरियर दुसऱ्या दिवशी बुडाली. परंतु त्यापूर्वी तिच्यावरील सातशेहून अधिक माणसे दुसऱ्या जहाजावर सुखरूप उतरविता आली. वॉरस्पाइटवरील चौदा जण या लढाईत मृत्युमुखी पडले. तिचे अंग ठिकठिकाणी फाटले होते. तरीही ती स्वतःच्या यंत्रांच्या बळावर बंदरात परतली.

जटलंडच्या लढाईत ब्रिटनची चौदा आणि जर्मनीची अकरा जहाजे बुडाली. ब्रिटनची सहा हजारांहून अधिक, तर जर्मनीची अडीच हजारांहून अधिक माणसे कामास आली. हा हिशेब पाहता जर्मनीचा जय झाला असे कोणासही वाटेल. परंतु युद्धातील जयापजय केवळ मृतांच्या संख्येवरून ठरत नाही. लढाईनंतर उत्तर समुद्रावर सत्ता ब्रिटनचीच राहिली. जर्मनीची बंदरे पूर्वीप्रमाणेच कोंडलेली राहिली आणि तेथील प्रजेस अन्नटंचाईचे चटके बसू लागले. जर्मन सैनिकांबरोबरच तेथील म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि मुलाबाळांनाही हे चटके सोसावे लागले, ही गोष्ट विसरता येणार नाही. रणनौकेच्या सामर्थ्याची ही दुसरी, न गर्जणारी बाजू होती. ती तोफ न उडविताही शत्रूला जेरीस आणू शकत असे.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. काळ पुढे गेला, तशी वॉरस्पाइट जुनी झाली. १९३४ ते १९३७ या काळात तिची जवळजवळ नव्याने उभारणी करण्यात आली. जुनी यंत्रे काढून नवी बसविली. तोफा अधिक उंच रोखता येतील अशी व्यवस्था केली, त्यामुळे त्यांचा पल्ला सुमारे एकोणतीस किलोमीटरपर्यंत वाढला. टेहळणीसाठी विमानेही तिच्यावर ठेवण्यात आली. दोनच वर्षांनी, १९३९ च्या सप्टेंबरात, दुसरे महायुद्ध पेटले.

या युद्धातील तिचा पहिला मोठा पराक्रम नॉर्वेत घडला. १९४० च्या एप्रिलात जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि नार्व्हिक बंदराच्या आसपास जर्मन विनाशिका दबा धरून बसल्या. तेथील समुद्र उंच डोंगरांच्या मधून खोल आत शिरलेला आहे. अशा चिंचोळ्या जागी अवाढव्य रणनौका नेणे म्हणजे हत्तीला बोळात घालण्यासारखे होते. तरीही १३ एप्रिल रोजी वॉरस्पाइट नऊ विनाशिकांसह आत शिरली. तिच्यावरून उडालेल्या एका विमानाने पुढे जाऊन शत्रूची जहाजे कोठे लपली आहेत याची वार्ता दिली आणि एक जर्मन पाणबुडीही बुडविली. त्या दिवशी तेथील आठही जर्मन विनाशिकांचा शेवट झाला. काही तोफांनी बुडाल्या, तर काही त्यांच्याच खलाशांनी निरुपाय होऊन नष्ट केल्या.

त्यानंतर वॉरस्पाइट भूमध्य समुद्रात गेली. तेथील ब्रिटिश आरमाराचे अधिपती अँड्र्यू कनिंगहॅम यांचे निशाण तिच्यावर फडकू लागले. १९४० च्या जून महिन्यात इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली होती. ९ जुलै रोजी इटलीच्या दक्षिण किनाऱ्यानजीक झालेल्या चकमकीत वॉरस्पाइटचा एक गोळा सुमारे चोवीस किलोमीटर अंतरावरील 'जूलिओ चेझारे' या इटालियन रणनौकेवर जाऊन आदळला. दोन्ही जहाजे वेगाने धावत असताना इतक्या दूरवरून साधलेले नेम नौकायुद्धाच्या इतिहासात फारच थोडे आहेत.

१९४१ च्या मार्च महिन्यात इटालियन आरमार ग्रीसच्या दिशेने निघाल्याची वार्ता कनिंगहॅम यांना मिळाली. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम इंग्लंडमध्ये गुप्तपणे चालत असे. त्याचेच हे फळ होते. कनिंगहॅम यांचे आरमार तेव्हा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात होते आणि तेथील जपानी वकील जहाजांच्या हालचालींवर बारीक नजर ठेवून असे. त्याला चकविण्यासाठी कनिंगहॅम एक युक्ती योजून दुपारी गोल्फ खेळावयास गेले. रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करावयाचा आहे असे भासावे, म्हणून त्यांनी बरोबर एक सामानाची पेटीही घेतली. अंधार पडताच ते गुपचूप वॉरस्पाइटवर परतले आणि आरमाराने नांगर उचलला.

२८ मार्च रोजी 'फॉर्मिडेबल' या विमानवाहू जहाजावरील विमानांनी इटालियन जहाजांना गाठले. त्यांच्या पाणतीराने 'पोला' नावाची क्रूझर जायबंदी होऊन थांबली. तिच्या मदतीसाठी 'झारा' आणि 'फ्यूमे' या दोन क्रूझर व काही विनाशिका माघारी फिरल्या. त्या रात्री त्यांच्या वाटेत वॉरस्पाइट, व्हॅलियंट आणि बारहॅम या तीन रणनौका काळोखात दिवे मालवून पुढे सरकत होत्या. ब्रिटिशांजवळ रडार हे अंधारात दूरचे जहाज हुडकणारे यंत्र होते. इटालियन जहाजांवर ते नव्हते. अंतर चार किलोमीटरांहूनही कमी उरले. एकाएकी झोतदिवे उजळले आणि पंधरा इंची तोफा कडाडल्या. इटालियन क्रूझरवरील तोफा रात्रीच्या लढाईस सज्जही नव्हत्या. अवघ्या काही मिनिटांत झारा आणि फ्यूमे धडधडून पेटल्या. व्हॅलियंटवरील एक झोतदिवा सांभाळणारा तरुण अधिकारी फिलिप हा पुढे दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा पती झाला. पहाटेपर्यंत इटलीच्या तीन क्रूझर आणि दोन विनाशिका सागराच्या तळाशी गेल्या. मॅटापान भूशिराजवळची लढाई म्हणून ती प्रसिद्ध आहे.

या विजयाइतकीच दुसऱ्या दिवशीची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सकाळी समुद्रावर तेलाचे तवंग पसरले होते आणि त्यांत शेकडो इटालियन खलाशी तराफ्यांना व फळकुटांना धरून तरंगत होते. आदल्या रात्रीचे हे शत्रू आता केवळ बुडणारी माणसे होती. ब्रिटिश विनाशिकांनी त्यांना वर घेण्यास सुरुवात केली. शेकडो जण वाचले. इतक्यात जर्मन विमाने दिसू लागली आणि जहाजांना तेथून निघणे भाग पडले. तेव्हा कनिंगहॅम यांनी बिनतारी संदेश पाठवून मागे राहिलेले खलाशी नेमके कोठे आहेत, हे इटालियन अधिकाऱ्यांना कळविले. त्यानुसार 'ग्राडिस्का' हे इटालियन रुग्णवाहू जहाज आले आणि त्याने आणखी सुमारे एकशे साठ जणांचे प्राण वाचविले. तरीही दोन हजार तीनशेहून अधिक इटालियन खलाशांना त्या रात्री जलसमाधी मिळाली. शत्रूला आपला ठावठिकाणा कळण्याचा धोका पत्करून त्याच्याच माणसांना वाचविण्यासाठी संदेश पाठविणे, हे शौर्याहून कमी नव्हे.

रणनौकेचे काम नेहमीच असे गर्जना करणारे नसे. अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजे मोठमोठे काफिले करून प्रवास करीत. १९४१ च्या फेब्रुवारीत 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' या दोन वेगवान जर्मन रणनौका अशाच एका काफिल्यावर चालून आल्या. परंतु काफिल्यासोबत 'रॅमिलीज' ही जुनी, मंदगती ब्रिटिश रणनौका असल्याचे दिसताच त्या एकही गोळा न झाडता माघारी वळल्या. रॅमिलीजच्या एकाच गोळ्याने आपले जहाज निकामी झाले, तर घरापासून इतक्या दूर त्याची दुरुस्ती होणार नाही, ही भीती त्यांना होती. पुढच्याच महिन्यात वॉरस्पाइटची भगिनी मलाया हिनेही दुसऱ्या एका काफिल्याचे असेच रक्षण केले. राखणदार जागा आहे एवढे कळले, तरी पुष्कळदा चोर फिरकत नाही.

परंतु या पोलादी किल्ल्यांच्या वैभवाला आता उतरती कळा लागली होती. त्यांचा खरा वैरी आकाशातून आणि पाण्याखालून येत होता. १९४१ च्या मे महिन्यात क्रीट बेटाजवळ जर्मन विमानाच्या बाँबने वॉरस्पाइट जबर जखमी झाली. दुरुस्तीसाठी तिला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जावे लागले. नोव्हेंबरात तिची भगिनी बारहॅम जर्मन पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडाली. आठशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. १० डिसेंबर रोजी मलायाच्या किनाऱ्यालगत जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही दोन बलाढ्य जहाजे काही तासांत बुडविली. डोक्यावर स्वतःच्या विमानांचे छत्र नसेल, तर जाडजूड चिलखतही व्यर्थ आहे, हा धडा त्या दिवशी साऱ्या जगाला मिळाला.

दुरुस्तीनंतर वॉरस्पाइट हिंदी महासागरात आली. १९४२ च्या एप्रिलात जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली या बंदरांवर हल्ले केले. नौसेनापती सॉमरव्हिल यांच्या हाती विमाने थोडी होती. उघड्या समुद्रावर दिवसा झुंज घेतल्यास आपले आरमार बुडेल आणि मग हिंदुस्थानच्या किनाऱ्याला व आफ्रिकेच्या वाटेला वाली उरणार नाही, हे ओळखून त्यांनी ते आरमार जपून ठेवले. याच महिन्यात वॉरस्पाइट मुंबई बंदरात येऊन गेली. मॅटापानची ही विजयिनी आता विमानांच्या भयाने सावधपणे वावरत होती. परंतु उसने अवसान आणून नष्ट होण्यापेक्षा योग्य वेळेची वाट पाहणे हेही सेनापतीचे कर्तव्यच असते.

ती वेळ पुढच्या वर्षी आली. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शरणागती पत्करली. इटालियन रणनौकांना माल्टा बेटाकडे घेऊन जाण्याचा मान वॉरस्पाइटला मिळाला. काही दिवसांतच इटलीतील सालेर्नो येथे उतरलेले दोस्त राष्ट्रांचे सैन्य संकटात सापडले. वॉरस्पाइटने दूर समुद्रातून जर्मन फळीवर तोफांचा मारा करून त्याला हात दिला. परंतु १६ सप्टेंबर रोजी जर्मनांनी तिच्यावर एक नवेच अस्त्र सोडले. हा बाँब विमानातून सुटल्यावरही त्याला बिनतारी यंत्राने हवी तशी दिशा देता येत असे. एकामागून एक मजले भेदून तो थेट बॉयलरच्या दालनात फुटला. नौका पांगळी झाली, तिच्यात पाणी शिरले आणि तिला ओढतच माल्टास न्यावे लागले.

हे घाव पुरते कधीच भरले नाहीत. तळाचे भगदाड काँक्रीटने बुजविले; चारांपैकी एक तोफ-बुरूज कायमचा बंद राहिला. तरी तिच्या नशिबी विश्रांती नव्हती. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरली. त्या पहाटे किनाऱ्यावरील जर्मन तोफखान्यांवर ज्या जहाजांनी भडिमार केला, त्यांत सहाच तोफा चालू असलेली वॉरस्पाइट होती. तिने तीनशेहून अधिक गोळे झाडले. आठवडाभरातच पाणसुरुंगाने ती पुन्हा जखमी झाली. तरीही १९४४ च्या नोव्हेंबरात, हॉलंडमधील वाल्खरेन बेटावरील हल्ल्याच्या वेळी, तिच्या तोफा अखेरच्या धडधडल्या. ज्या रणनौका एकमेकींशी झुंजण्यासाठी बांधल्या होत्या, त्या आता भूमीवरील पायदळाच्या साहाय्यास उभ्या होत्या.

युद्ध संपले आणि वॉरस्पाइट मोडीत विकण्यात आली. तिचे स्मारक करावे अशी पुष्कळांची इच्छा होती. पण ती मान्य झाली नाही. १९४७ च्या एप्रिलात तिला मोडण्यासाठी स्कॉटलंडकडे ओढून नेत असता प्रचंड वादळ उठले. दोर तुटले. तोफा काढून घेतलेली ती नौका वाऱ्यालाटांबरोबर वाहत कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन रुतली. तिच्यावर केवळ आठ माणसे होती. जीवरक्षक नौकेने त्या वादळातही त्यांना वाचविले. नौकेला मात्र त्या खडकांवरून हलविणे फार कठीण गेले. शेवटी तेथेच, त्या किनाऱ्यालगत, पुढील काही वर्षांत तिचे तुकडे तुकडे करण्यात आले. जणू मोडणाऱ्यांच्या गोदीत जाण्याचे तिने नाकारलेच!

'व्हँगार्ड' ही ब्रिटनची अखेरची रणनौका १९६० साली मोडण्यात आली आणि रणनौकांचे युग ब्रिटनपुरते संपले. लंडनमधील युद्धसंग्रहालयाच्या दाराशी वॉरस्पाइटवर होत्या तशाच जातीच्या दोन पंधरा इंची तोफा आज शांत उभ्या आहेत. मुले त्यांच्या भोवती हिंडतात आणि त्यांच्या प्रचंड नळ्यांकडे कुतूहलाने पाहतात. शस्त्रे जुनी होतात, चिलखते गंजतात, किल्ले पाण्यात विरून जातात. परंतु संकटातही काम न सोडणाऱ्या खलाशांची निष्ठा, आणि मॅटापानच्या त्या सकाळी पाण्यातील शत्रूलाही माणूस म्हणून ओळखणारी दृष्टी यांना गंज चढत नाही.

अभ्यास

१. समुद्रमार्ग बंद पडणे हे ब्रिटनला पराभवासारखे का होते?
२. तेलावर चालणाऱ्या नौकांचे फायदे कोणते? त्यांमुळे कोणती नवी अडचण उत्पन्न झाली?
३. जटलंडच्या लढाईत जहाजे अधिक गमावूनही ब्रिटनची समुद्रावरील सत्ता कायम राहिली, असे लेखात का म्हटले आहे?
४. जपानी वकिलाला चकविण्यासाठी कनिंगहॅम यांनी कोणती युक्ती योजली?
५. 'राखणदार जागा आहे एवढे कळले, तरी पुष्कळदा चोर फिरकत नाही.' हे वाक्य कोणत्या प्रसंगास अनुलक्षून आले आहे?
६. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : जेरीस आणणे, दबा धरून बसणे, उतरती कळा लागणे, उसने अवसान आणणे.
७. मॅटापानच्या लढाईनंतरच्या सकाळचे वर्णन वाचलेल्या खलाशाने आपल्या आईस लिहिलेल्या पत्राच्या रूपाने लिहा.